वर्णभेदावरचे पिक्चर म्हणजे उपदेशाचे डोस? आमच्या पडवीत भांडण झालंय, तुम्हीच सांगा

पडवी_टॉकीज, गुहागर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पावसाळ्यात संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे करण्यासारखं काही नसतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. बाहेर धो धो चालू, टीव्हीची छत्री पहिल्या सरीलाच मान टाकते, मग करणार काय. मागच्या वर्षी पुतण्याचा जुना प्रोजेक्टर आणला, पडवीत पांढरी चादर ताणली आणि दर शनिवारी एक पिक्चर असं सुरू केलं. दहा-बारा माणसं येतात, खाली सतरंजी, वयस्करांना खुर्च्या, मध्यंतराला चहा आणि कांदाभजी. सबटायटल इंग्रजीत असतात म्हणून मी मधेमधे थांबवून मराठीत सांगतो, त्यावरून शिव्या खातो ते वेगळंच.

यंदा ठरवलं की अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या विषयावरचे चार पिक्चर ओळीने लावायचे. पहिल्या शनिवारी ग्रीन बुक लावला, २०१८ चा, ज्याला पुढच्या वर्षी बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं तो. १९६२ सालातली गोष्ट, डॉन शर्ली नावाचा काळा पियानोवादक दक्षिणेकडच्या राज्यांत कार्यक्रम करायला निघतो आणि ड्रायव्हर म्हणून एक इटालियन वंशाचा गोरा ठेवतो. नाव आलंय ते एका खऱ्या पुस्तिकेवरून. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा पोस्टात काम करणारा माणूस १९३६ पासून ती छापायचा, काळ्या प्रवाशांना रात्री कुठे उतरता येईल, कुठे जेवायला मिळेल याची यादी. सगळ्यांना पिक्चर जाम आवडला. एका काकींच्या डोळ्यांत पाणी, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, लोक भिजत पण खुशीत घरी गेले.

दुसऱ्या शनिवारी डू द राइट थिंग लावला, स्पाइक लीचा, १९८९ चा. ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

ब्रुकलिनमधली एक गल्ली, वर्षातला सगळ्यात गरम दिवस, वस्ती काळ्यांची पण पिझ्झाचं दुकान इटालियन साल चालवतो आणि दुकानाच्या भिंतीवर फोटो फक्त इटालियन लोकांचे. एक जण विचारतो, गिऱ्हाईक आम्ही, मग आमच्या माणसांचे फोटो का नाहीत. तिथून सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत असं वाढत जातं की पोलीस एका काळ्या पोराला दंडुक्याने गळा आवळून मारतात, सालकडे कामाला असलेला मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो आणि लोक दुकान जाळून टाकतात. शेवटी पडद्यावर दोन उतारे येतात, एक मार्टिन लूथर किंगचा हिंसेच्या विरोधातला आणि दुसरा माल्कम एक्सचा, म्हणजे काळ्यांच्या दुसऱ्या मोठ्या नेत्याचा, स्वसंरक्षणासाठी केलेल्या हिंसेच्या बाजूचा. संपला पिक्चर.

आणि मग जे काय पेटलं आमच्या पडवीत! आमच्या शेजारी निवृत्त मास्तर राहतात ते म्हणाले नुसतं प्रवचन आहे हे, बाकीच्यांनीही री ओढली की गोऱ्यांनी केलेल्या पापाबद्दल आपण का बोलणी खायची, उपदेश ऐकायचा तर देवळात जाऊ.

आता माझी अडचण बघा. ग्रीन बुकात सरळ सरळ शिकवण आहे, माणूस माणसाला भेटला की मनातला मळ जातो वगैरे, अगदी चमच्याने भरवलेली. त्याला कोणी उपदेश म्हणालं नाही. आणि ज्या पिक्चरने एकमेकांच्या विरुद्ध दोन उतारे दाखवून निकालच दिला नाही त्याला म्हणे प्रवचन. म्हणजे प्रीची प्रीची म्हणतो ते नक्की कशाला? आणि उरलेले दोन शनिवार काय लावू?


तारकर्ली_होमस्टे
सगळे सारखेच हो. सीझनभर गिऱ्हाइकांची बोलणी खायची, पावसाळ्यात जरा निवांत बसलो तर पिक्चरवाले पण बोलणार. मी पिक्चर बघतो तो डोकं बाजूला ठेवायला. कॉमेडी लावा, माणसं वाढतील. भजीचा फोटो टाका.


राजापूरची_गंगा
आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन, वडील अजून करतात म्हणून जरा अधिकाराने बोलते. कीर्तन म्हणजे तर उघड उघड उपदेश, कोणी लपवत पण नाही. तरी लोक रात्री अकरापर्यंत मांडी मोडून बसतात ना? का बसतात? कारण नारदीय कीर्तनाला पूर्वरंग असतो तसा उत्तररंग असतो. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करायचं, मग मध्ये नाम, बुक्का, हार आणि मग उत्तररंगात आख्यान. बाबा नेहमी म्हणतात की पूर्वरंगात जे सांगितलं ते आख्यानात परत तोंडाने सांगायचं नाही, ते घडलं पाहिजे. ज्याला ते जमत नाही तो बुवा आख्यानात पण निरूपण करत बसतो आणि मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागतात.

मला वाटतं बरेचसे सामाजिक पिक्चर म्हणजे नुसता पूर्वरंग आहे. आख्यान कसं असतं ते बघायचं असेल तर १९६७ चा इन द हीट ऑफ द नाइट बघा. सिडनी पॉइटिए त्यात फिलाडेल्फियाचा काळा डिटेक्टिव्ह आहे, दक्षिणेतल्या एका गावात खुनाच्या तपासात अडकलेला. एक गोरा बागायतदार प्रश्न आवडला नाही म्हणून त्याच्या थोबाडीत मारतो आणि हा त्याच क्षणाला उलट्या हाताची परत देतो. बस. भाषण नाही, पार्श्वसंगीत नाही. आणि तो म्हातारा मग पोलीस चीफकडे बघतो की तू आता याला काय करणार, आणि चीफला सुचत नाही काय करावं. ते न सुचणं बघा. त्यात सगळं आलं.


देवगडचो_झील
भावानू, माका एक सांगा, दशावतारात उपदेश नसता काय? रात्री दोन वाजता राजा नि ऋषी समोरासमोर उभे रवतत आणि धर्म म्हणजे काय ह्येच्यार अर्धो तास बोलतत. लोक उठान जातत? नाय जाणत. उलट कोण चांगलो बोलता तां बघूक दुसऱ्या गावातसून येतत.

मालवणी टाईप करायला वेळ लागतो म्हणून पुढचं सरळ लिहितो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, आख्यान काय ते ठरतं आणि संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. त्यामुळे काय होतं, राक्षस पण तेवढ्याच तयारीचा लागतो. राक्षसाचं काम करणारा जर कच्चा असला ना तर राजा कितीही गोड बोलू दे, नाटक पडलं. राक्षसाने असं बोललं पाहिजे की क्षणभर आपल्याला वाटावं, अरे ह्याचं पण बरोबर आहे की!

वर्णभेदावरच्या पिक्चरांत मला हाच घोळ वाटतो. त्यातला वाईट गोरा एवढा वाईट असतो, दात काळे, तंबाखू थुंकतोय, हातात बंदूक, की बघणाऱ्याला आपोआप वाटतं मी काय असा नाय बाबा. झाला मोकळा. म्हणून मला गेट आउट आवडला, २०१७ चा, जॉर्डन पीलचा. त्यात गोरी पोरगी आपल्या काळ्या बॉयफ्रेंडला आईबापाच्या घरी नेते आणि सगळे इतके चांगले वागतात की बघणाऱ्याला घाम फुटतो. बाप तर सांगतो, ओबामा तिसऱ्यांदा उभा असता तरी त्याला मत दिलं असतं. म्हणजे राक्षस कोण, तर जो स्वतःला सगळ्यात सुधारलेला समजतो तो. आणि वर भुताच्या पिक्चरसारखा भीतीदायक आहे म्हणजे करमणूक पण झाली. ४५ लाख डॉलरमध्ये केलेला पिक्चर २५ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि मूळ पटकथेचं ऑस्कर वर. तारकर्लीवाल्यांनो, डोकं बाजूला ठेवून बघा हा, डोकंच बाजूला काढायची गोष्ट आहे त्यात.


तारकर्ली_होमस्टे
शेवटची ओळ कळली नाही पण बघतो.


मुरुड_किनारा
मला त्या दुसऱ्या वाक्यावर बोलायचंय, गोऱ्यांच्या पापाबद्दल आपण का ऐकायचं. कोकणात बसून हे म्हणणं मला जरा विनोदी वाटतं कारण मी मुरुडचा. आमच्या समोर समुद्रात जंजिरा उभा आहे, तो सिद्द्यांचा. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, ॲबिसिनिया म्हणजे आताच्या इथिओपियाकडचे. जुन्या मराठीत त्यांच्या मुलखाला हबसाण म्हणायचे. ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं म्हणजे काय फार पूर्वीची गोष्ट नाही, आमच्या आजोबांना नबाबाचा काळ आठवायचा. आफ्रिकन वंशाच्या माणसांनी आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राज्य केलं, शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना तो किल्ला घेता आला नाही, हे चौथीच्या पोराला पण माहीत असतं.

आणि एवढं असून आमच्या शाळेत जो सगळ्यात काळा आणि कुरळ्या केसांचा पोरगा होता त्याला काय चिडवायचे? हबशी. मी पण चिडवायचो. आम्हाला माहीत पण नव्हतं की ज्या किल्ल्याचा आम्ही सहलीत निबंध लिहितो त्याच किल्ल्याच्या मालकांचा हा शब्द आहे. किल्ला अजिंक्य म्हणून अभिमान आणि त्याच माणसांचं नाव शिवी म्हणून, दोन्ही एकाच दप्तरात. आता होडीतून पर्यटक नेतात तेव्हा बरेचजण विचारतात, नबाब म्हणजे काळे होते का हो, आणि मग हसतात. का हसतात कोणाला सांगता येणार नाही.

पिक्चरबद्दल माझं मत काही फार खोल नाही. मला ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह मधला एक सीन विसरता येत नाही, फाशीच्या दोरीला लटकवलेला माणूस पायाच्या बोटांवर चिखलात कसाबसा उभा आहे आणि मागे बाकीचे गुलाम आपापली कामं करतायत, पोरं खेळतायत. कॅमेरा हलतच नाही. मी मोबाईलवर बघत होतो, पुढे ढकलावासा वाटला आणि अंगठा उचलेना.


कैऱ्या_आणि_करवंदं, रत्नागिरी
मी सहसा लिहित नाही पण ग्रीन बुकचं नाव बघून राहवलं नाही कारण इथे सगळे त्याला हसतायत असं वाटतंय आणि माझा अनुभव उलटा आहे. जरा लांबेल, घाई असेल तर सोडून द्या.

आमची हापूसची बाग आहे, फार मोठी नाही. आमच्याकडे आणि आजूबाजूला सगळीकडेच राखणीला नेपाळी माणसं असतात हे रत्नागिरी-देवगडकडच्यांना माहीत आहे, बागेत फवारणी, राखण, वानरं हाकणं, काढणी, पेट्या भरणं सगळं तेच करतात, बंदरावर खलाशी म्हणून पण आता तेच आहेत. आमच्याकडे एक जोडपं खोपटीत राहतं, त्याआधी दुसरा होता, त्याआधी तिसरा. तिघांनाही घरात बहादूर म्हणतात. म्हणजे तिघांचं नाव बहादूर नव्हतं, एकाचंही नव्हतं. सासऱ्यांनी पहिल्याला म्हणायला सुरुवात केली मग पुढे जो येईल तो बहादूर. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पण असंच सांगितलं, काही लागलं तर बहादूरला हाक मार. मी बारा वर्षं मारतेय.

ग्रीन बुक मी मोबाईलवर बघितला, सगळे झोपल्यावर, आणि ज्या सीनमध्ये त्याला ज्या हॉटेलात वाजवायला बोलावलंय त्याच हॉटेलात जेवायला बसू देत नाहीत तिथे मी रडले. रडता रडता मनात काय आलं माहितीये, किती दुष्ट असतात ही अमेरिकन माणसं. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा हिशेब लिहायला वही उघडली, मजुरी, डिझेल, भाताचा पेंढा, पेट्यांचे पैसे, आणि त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, बहादूर अमुक रुपये, बहादूरची बायको अमुक रुपये. बहादूरची बायको! तिचं तर मी नाव कधी विचारलंच नव्हतं, तिच्या पोरीला माझ्या मुलीचे जुने फ्रॉक देते मी, आणि चहा दिला तर ओटीच्या पायरीवर, कपबशी वेगळी. ती वेगळी कपबशी कोणी ठरवली होती ते पण मला आठवत नाही, ती कायमच खिडकीत वेगळी होती.

तर मंडळी मला कळतं की तो पिक्चर गोडगोड आहे. शर्लीच्या घरच्यांनीच त्यावर आक्षेप घेतला होता, आम्हाला काही विचारलं नाही, दोघांची एवढी मैत्री नव्हती म्हणून, ते मी नंतर वाचलं. पण मला तो आधी गोड लागला म्हणूनच मी शेवटपर्यंत बघितला, तो डू द राइट थिंग मी कदाचित अर्ध्यात बंद केला असता. गोळी साखरेत घोळून दिली तरी आत गोळी असली तर चालतं की नाही?


देवगडचो_झील
वहिनी, वही बदललीत काय मग?


कैऱ्या_आणि_करवंदं
बदलली. दोघांची नावं विचारून घेतली, इथे लिहीत नाही, पण आहेत. सासरे आता त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात आणि पुढे बहादूर जोडतात. ह्यांचं म्हणणं, वयाकडे बघून सोडून दे. कपबशीचं अजून चालू आहे, मी एकदा आतल्या कपात दिला तर त्यानेच उठून खिडकीतला घेतला. त्याला काय बोलायचं ते मला सुचलं नाही.


मंडणगडचा_वाचक
कैऱ्या ताई, तुम्ही लिहिलंत ते मनापासून लिहिलंत, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका, पण वेगळी कपबशी म्हटल्यावर माझी मान आपोआप वर झाली. आमच्या वाडीतल्या माणसांना ती खिडकीतली कपबशी नेपाळी यायच्या आधीपासून माहीत आहे. मी मंडणगड तालुक्यातला, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या तालुक्यात, आणि महाडचं चवदार तळं काय फार लांब नाही. १९२७ साली माणसांना तळ्यातलं ओंजळभर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला तो याच कोकणात. तेव्हा वर्णभेद अमेरिकेतला आणि आपण प्रेक्षक, हे आमच्या बाजूने बघितलं तर जमतच नाही.

आणि हे काही मी आत्ता ओढूनताणून जोडत नाहीये. जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ते नावच तिकडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेवरून. आणि २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वर्णभेदाच्या विरोधात संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली तेव्हा इथल्या दलित संघटना म्हणत होत्या की जातीवर पण बोला आणि आपलं सरकार म्हणत होतं जात म्हणजे वंश नव्हे, इथे तो विषय नको. वंश आणि जात एकच नाही हे मलाही मान्य आहे. पण चादरीवर काळा माणूस दिसला म्हणून डोळे पुसायचे आणि फँड्री, म्हणजे नागराज मंजुळेचा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या जब्याच्या गोष्टीचा पिक्चर, लावला की आता हेच बघायचं का म्हणायचं, हे मी माझ्या ऑफिसात ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून.

फँड्रीत उपदेशाचं एक वाक्य दाखवा मला. डुक्कर बांधून खांद्यावर घेऊन बाप-लेक चाललेत आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई रंगवलेले, कोणी काही बोलत नाही. आणि शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्याकडे. ज्याला लागला तो म्हणतो, फार अंगावर येतो बुवा पिक्चर. मला नाही आला अंगावर, मी जब्याच्या बाजूला उभा होतो. पडवी टॉकीजच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच, पिक्चरमध्ये उपदेश किती आहे हे मोजायच्या आधी आपण कुठे उभे होतो ते बघा.

मात्र दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर म्हणाल एकांगी आहे. वाईट पिक्चर भरपूर आहेत आणि त्यातले बरेच माझ्या मते उलट्या कारणाने वाईट आहेत. मिसिसिपी बर्निंग घ्या, १९८८ चा. १९६४ मध्ये मिसिसिपीत काळ्यांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेतली तीन पोरं मारली, एक काळा दोन गोरे, त्यावर बेतलेला. पिक्चर म्हणून पकड घेतो, नाही म्हणत नाही. पण हीरो कोण, तर एफबीआयचे, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे दोन गोरे. आणि काळी माणसं काय करतात, तर मागे उभी राहून गाणी म्हणतात आणि घाबरतात. ज्या काळात तीच एफबीआय मार्टिन लूथर किंगचे फोन ऐकत होती! आपल्याकडे पण बघा, वरच्या जातीचा एखादा साहेब येणार, त्याला धक्का बसणार, मग तो न्याय देणार. मला त्या साहेबाच्या धक्क्याचा कंटाळा आलाय.


राजापूरची_गंगा
मंडणगडचे वाचक, पटलं. त्यात भर म्हणून एक गंमत सांगते. डू द राइट थिंग ज्या वर्षीचा त्या वर्षी त्याला बेस्ट पिक्चरचं साधं नामांकन पण नव्हतं, आणि ते ऑस्कर मिळालं कोणाला, तर ड्रायव्हिंग मिस डेझीला, गोरी म्हातारी आणि तिचा काळा ड्रायव्हर. २०१९ ला स्पाइक लीचा ब्लॅकक्लान्समन नामांकनात होता तर जिंकला ग्रीन बुक, काळा साहेब आणि गोरा ड्रायव्हर. तीस वर्षांत सीट बदलली. गाडी तीच.


निवृत्त_मास्तर, गुहागर
चि. पडवी टॉकीज यांस,
नातवाने हा धागा दाखविला. मीच तो शेजारचा मास्तर. टंकलेखनाची सवय नाही, चुका पोटात घालाव्या.

माझे म्हणणे तू अर्धवट छापले आहेस. नुसते प्रवचन आहे हे, असे मी म्हणालो, हे खरे. परंतु ते पिक्चरबद्दल नव्हते. पिक्चर संपल्यावर तू दिवा लावून आमच्यासमोर उभा राहिलास आणि यातून आपण काय शिकलो यावर पाऊण तास बोललास, त्यास मी प्रवचन म्हणालो. भजी गार झाली होती. छत्तीस वर्षे मुलांना तात्पर्य लिहायला लावले आहे, आता मला कोणी तात्पर्य सांगू नये एवढीच इच्छा.

उपदेशाला मी भीत नाही. साने गुरुजी आपल्या पालगडचे. श्यामची आई हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उपदेशच आहे आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या बोलपटाला राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा मात्र त्यांचा उपदेश अनेकांना गोड लागला नाही.

शिवाय उपदेश म्हणजे नेहमी सज्जनांचाच असतो असे समजू नये. १९१५ साली ग्रिफिथ या दिग्दर्शकाने बर्थ ऑफ अ नेशन काढला. त्यात कु क्लक्स क्लान ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना तारणहार आणि काळे लोक राक्षस असे दाखविले आहे. कलाकृती म्हणून त्या काळी अनेकांनी वाखाणला, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासात दाखविला गेला आणि बंद पडलेली क्लान त्याच वर्षी जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. चित्रपटाने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विष इतक्या सफाईने पाजता येते तर औषध देणाऱ्याने हात धुऊन, नीट चमचा धरून द्यावे ही अपेक्षा चूक नाही. विषय चांगला आहे म्हणून रटाळ पिक्चरला पास करणे मला मान्य नाही, मी विद्यार्थ्यांनाही तसे पास केले नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. त्या रात्री आपण सर्व भांडलो ते कशावर? मूकीने डबा का फेकला, बिचाऱ्या सालचे दुकान का जाळले, इतक्या वर्षांची मेहनत, इन्शुरन्स असेल का. तुमच्या वहिनी म्हणाल्या, दुकान असे जाळायला नको होते. मीही तेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली गळलेली सुपारी गोळा करताना लक्षात आले की एक तरुण मुलगा पोलिसांनी गळा आवळून मारला त्याच्याबद्दल बारा माणसांत कोणीही अक्षर काढले नाही. त्याचे नावही मला आठवेना. नातवाला विचारावे लागले.


पडवी_टॉकीज
मास्तर, आधी तुमची माफी मागतो, आणि भजीची पण. पाऊण तास नव्हता, वीस मिनिटं असेल, पण असो.

रेडिओ रहीम. त्या पोराचं नाव. तुमचं वाचून मी पण आठवायला गेलो तर मलाही थांबावं लागलं, आणि पिक्चर मी तीनदा बघितलाय, वर तुम्हाला मराठीत समजावून सांगणारा मीच. धागा काढताना मी पण बघा कसं लिहिलंय, मूकीचं नाव दिलं, सालचं नाव दिलं, मेलेला मात्र नुसता एका काळ्या पोराला. बदलत नाही आता, राहू दे तसंच.

बाकी ठरलं. या शनिवारी गेट आउट, कारण देवगडच्या भावाने तारकर्लीवाल्यांची उत्सुकता चाळवली आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी ब्लॅकक्लान्समन, त्यात ते क्लानवाले बसून मास्तरांनी सांगितलेला तो १९१५ चा पिक्चरच बघतात आणि शेवटी २०१७ च्या शार्लट्सव्हिलमधल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चाची खरी दृश्यं येतात. आणि त्यानंतर चार पिक्चरांचा हिशेब मोडून पाचवा, फँड्री. मंडणगडहून यायचं असेल तर दाभोळची फेरीबोट धरून या, राहायची सोय करतो.

पिक्चर संपल्यावर मी बोलणार नाही. लाईट राहिली तर चहा होईल, गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर दीड तास चालतो, म्हणजे शेवटचा भाग रविवारी सकाळी बघावा लागेल, ते आधीच सांगून ठेवतो.


कैऱ्या_आणि_करवंदं
गुहागर लांब पडतं नाहीतर आले असते. गेट आउट लहान मुलांना चालेल का? मुलगी नववीत आहे.


देवगडचो_झील
वहिनी, आधी तुम्ही एकट्या बघा. नि रात्री नको.